पाणी तोडलेली घोडी

मर्ल पेंगिलीने आयुष्यभर बिंडारा गावात घोडी शिकवली आणि माणसेही. घोडी शिकली. चाबूकस्वार म्हणून तिचे सारे शास्त्र थोडक्यात मावत असे. आधी जमिनीवर उभे राहून जनावराशी नीट वागावे, मगच पाठीवर चढावे; आणि चढल्यावर आपला भार आपल्या बुडावर ठेवावा, घोड्याच्या तोंडावर नव्हे. हे पटणारे लोक थोडे, आचरणारे त्याहून थोडे.

क्लाइव्ह हॅड्रिकने टॅन्सी नावाची तांबडी घोडी तिच्याकडे आणली ती 'उधळते' या तक्रारीनिशी. मर्लने आधी त्यालाच तिच्यावर बसवले. अंग पुढे झुकलेले, गुडघ्यांचा चिमटा, टाचा वर, आणि तोल सावरायला दोन्ही मुठी लगामाला लटकलेल्या. लगामाची तोंडातली कडी हिरडीवर आपटली की घोडी मान फेकून पळे. ती पळाली की हा आणखी ओढे.

"घोडी नाही उधळत, क्लाइव्ह. तूच तिला पळवतोस, आणि वर तिलाच शिव्या घालतोस."

"चाळीस वर्षं घोड्यावर बसतोय मी!"

"बसतोयस कुठं? लटकतोयस. उतर खाली. दोरीनं चालव तिला. तू थांबलास की ती थांबली पाहिजे, दोर न ताणता."

"मी काय कुत्रं फिरवायला आलोय? ते बायकांचं काम."

ते बायकांचे काम मर्लने सहा आठवडे केले. घोडी ढिल्या दोरावर खांद्याशी चालू लागली, मर्लचा श्वास थबकला की थबकू लागली. सातव्या आठवड्यात क्लाइव्हने तिला परत नेले आणि वसंतातल्या लिलावासाठी तिचे नाव नोंदवले: 'मुलांजोगती'.

बिंडाराच्या लिलावाची एक रीत होती. मर्लने जनावरावर बसून एक फेरी मारावी, "गरीब आहे" म्हणावे, की बोलीसाठी हात वर होत. बावीस वर्षांपूर्वी एका घोड्याविषयी संशय असतानाही तिने तो शब्द उच्चारला होता. तिसऱ्या दिवशी त्याने शाळेतल्या शिक्षिका आयरिस फेनर यांना फेकले. कंबर मोडली. काठी टेकत त्या आजही दुकानात भेटत आणि न चुकता विचारत, "कशा आहात, मर्लबाई?" त्या सौजन्याची मर्लला शिसारी येई; खरे तर स्वतःचीच येई.

लिलावाच्या सकाळी टॅन्सी मान खाली घालून उभी होती. लोक कौतुक करत होते. मर्लने तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. हिरड्या कोरड्या ठाक.

"कधीपासून पाणी तोडलंयस?"

"परवापासून. तहानेनं गळाली की गरीब दिसते. सगळेच करतात. संध्याकाळी पाजतो की! बस आता, मारून टाक फेरी."

सगळेच करतात, हे खरे होते. कुंपणाशी उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांना ती कातडी वाचता येत होती. ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या शोषणाला हा समाज शहाणपण म्हणत होता, आणि त्या शहाणपणावर शिक्का मर्लचा होता.

ती चढली नाही. दोर धरून ती घोडीला रिंगणाबाहेरच्या हौदावर घेऊन गेली.

"मर्लबाई, फेरी मारताय की आंघोळ घालताय?" कोणीतरी ओरडले, हशा पिकला. घोडी पिऊ लागली. मर्लने थोडे पाजून तिला थांबवले, पुन्हा पाजले. घोट ऐकू येऊ लागले तसा हशा विरला. मग लिलाववाल्याच्या हातातला माइक घेऊन ती म्हणाली, "ही गरीब नाही, तहानलेली आहे. घोडी चांगली आहे, पण मुलांजोगती नाही. अजून नाही."

मुलीसाठी घोडी बघायला आलेला ऑर्म नावाचा गृहस्थ जवळ आला. हलक्या आवाजात, अगदी प्रामाणिकपणे त्याने विचारले, "पण बाई, इतकी शांत राहायला पाणी नेमकं किती तास तोडावं लागतं?"

हा माणूस दुष्ट नव्हता. हीच किळसवाणी गोष्ट होती.

"चालते व्हा," ती म्हणाली.

क्लाइव्हने दोर हिसकावला आणि जोराने ओढला. पाणी पोटात गेलेली घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. मुले मागे पळाली.

"दोर ढिला सोड!" मर्ल ओरडली.

त्याने आणखी ओढले, तो फरफटला आणि शेणात बसला. "ठेव तुझ्याकडेच ही अवदसा!" असे म्हणत तो निघून गेला. मर्लने दोर उचलून ढिला सोडला. घोडी थरथरत थांबली. बोली कोणीच लावली नाही.

काठी टेकत आयरिसबाई आल्या. आज त्यांनी खुशाली विचारली नाही.

"तेव्हा त्या घोड्याचंही असंच पाणी तोडलं होतं ना?"

"माझी खात्री नव्हती," मर्लने सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "हो. मला कळलं होतं."

आयरिसबाई मान हलवून वळल्या. मर्ल त्यांच्या मागे गेली नाही. घोडीने तोंड पुन्हा हौदाकडे वळवले होते, आणि तिला अजून थोडे पाजायचे होते.