बापाची वसीयत कुठं गेली

असं दाराशी उभं राहून ऐकू नका, इकडं सरकून बसा. जुना कागद दिसला की न वाचताच बाजूला सारायची तुमची सवय काही चांगली नाही. तसल्याच सवयीपायी झालेली एक चौकशी सांगते. नोकरी संपली, पण ती चौकशी डोक्यातून गेलेली नाही.

मी तेव्हा औंढा तालुक्यात बीट हवालदार होते. जातीच्या दाखल्यांसाठी वंशावळ जुळवायची म्हणून घरोघर पेट्या उघडून निजामाच्या वेळचे कागद शोधत होते लोक. अशात सत्तरी ओलांडलेली एक बाई अर्ज घेऊन ठाण्यात आली. पोरवयातच नवऱ्यानं टाकलेली, सारा जन्म माहेरात गेलेला. तिच्या बापानं मरणाआधी उर्दूत वसीयत लिहवून घेतली होती, विहिरीजवळचं वावर लेकीला म्हणून. ते वावर तीच कसत होती. आता भावाच्या पोरांना वाटण्या हव्या होत्या. घरातली जुनी पेटी उघडली, तर वसीयत नाही. भाऊ म्हणाला, कागद दाखव, मग बोल.

"भावानंच नेली," ती म्हणाली. "ते वावर गेलं तर मी खाऊ काय, बाई?"

दोन दिवसांनी खबर मिळाली की तिचा भाऊ जुने कागद पिशवीत घालून तहसीलला हेलपाटे घालतो आहे. मला वाटलं, चोर सापडला. जवळा बाजारच्या आठवडी बाजारातूनच त्याला उचलून आणलं आणि ठाण्याच्या ओट्यावरच्या बाकड्यावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. चारचौघांत बसवलं की माणूस लवकर बोलतो, हा आमचा जुना हिशेब.

"कागद कुठं लपवला?"

"वंशावळीचे कागद हायेत हे, बघा ना. बापाचा कागद मी काहून चोरीन?"

"बहिणीच्या तोंडचा घास काढताना लाज वाटली नाही तुम्हाला?"

त्यानं मान खाली घातली. ती मान मी कबुली समजले.

दुपारी त्याची बायको भाकर घेऊन आली. मी सहज विचारलं, "पेटी कोण झाडतं घरात?"

"मीच की. दरसाली दिवाळीला."

"तिच्यात उर्दू लिहिलेला कागद होता?"

"व्हय, व्हता की." तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, अगदी सरळ बोलत होती. "मागल्या साली उंदरानं कुरतडला व्हता. देवाचं नाव असंल त्यात, पायाखाली येऊ नये, म्हणून पिराच्या मुजावरबाबाला नेऊन दिला."

भावानं भाकरीवरचा हात काढून घेतला. "मला सांगायचं तर व्हतं."

"तुमी कधी इचारलं?"

आम्ही सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, पिराचा दर्गा सांभाळणाऱ्या त्या मुजावराकडे गेलो. म्हातारा भला माणूस. म्हणाला, "माथ्यावर सातशे शहाऐंशी होतं, मॅडम, म्हणजे बिस्मिल्ला, अल्लाचं नाव. खालचं घाईघाईनं ओढून लिहिलेलं मला कुठं वाचता येतं? पाक कागद समजून धरणात सोडला. आम्ही जीर्ण कागद तसेच सोडतो."

नोंदणी कार्यालयात शोधलं. नोंद नव्हती, नक्कलही नव्हती.

भावजयीचा आणि मुजावराचा जबाब घेतला, गुन्हा घडला नाही असा शेरा मारला, अर्ज निकाली निघाला. ठाण्याच्या पायरीवर भाऊ बहिणीला म्हणाला, "कागदात काय व्हतं ते पाण्याला ठावं. वावर तुझंच, खा. पर माह्या दारात येऊ नको. बाजारात मला चोर केलंस तू."

बहिणीनं एकटीनं नव्हतं केलं ते. निम्मं मी केलं होतं. त्याला बाकड्यावर बसलेलं साऱ्या बाजारानं पाहिलं. माझा शेरा कोणी वाचला? तेव्हापासून घरातली वस्तू हरवल्याची तक्रार आली की मी आधी विचारायची, झाडलोट कोण करतं. संशयितावर आवाज नंतर चढवायचा. त्या दिवशी पहिला प्रश्न बायकोला केला असता, तर तो माणूस बाजार करून घरी गेला असता.

भाऊ पुढं वारला. घरच्यांनी बहिणीला त्याचं शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही. भावाचं दार बंद झाल्यापासून ती विहिरीजवळच्या खोपीत राहते. मागे बाजारात भेटली, माझा हात धरून म्हणाली, "बाई, धरणाकडं आल्या तर उतरत जा. लवकर या. चहा ठेवायचा तर आपल्या एकटीपुरता काय ठेवावा माणसानं?"