न उघडलेलं झाकण

मामाने चर्चला टाळं ठोकलं, ही बातमी आमच्या रस्त्यावर तीन तासांत पसरली. केस कापणाऱ्याच्या मते पवित्र पाण्यात झुरळ सापडलं होतं. औषधाच्या दुकानातल्या बाईंच्या मते झुरळ कसलं, उंदीर. आणि "उंदीर" म्हणताना त्या दोन्ही हातांनी एवढं अंतर दाखवायच्या की मांजरानेसुद्धा त्याला वाट दिली असती. गोष्ट इस्त्रीवाल्याकडे पोचेपर्यंत फादरना बेड्या पडल्या होत्या.

यातलं खरं एवढंच की मामा चर्चमध्ये गेला होता आणि त्याच्या हातात नमुना घ्यायची बाटली होती. टाळं वगैरे काही नाही. तो दर गुरुवारी संध्याकाळी सहाला तिथे कॅथलिक व्हायला जात होता. हे मी लोकांना सांगितलं तर लोक म्हणाले, "छे, काहीतरीच. उंदीरच असणार."

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. हॉटेलं, बेकऱ्या, शाळांची आणि इस्पितळांची स्वयंपाकघरं तपासायची ही त्याची नोकरी. बाजारात त्याला 'नाक' म्हणतात. "नाक आलं रे!" अशी आरोळी एका टोकाला उठली की दुसऱ्या टोकापर्यंत भांडी घासल्याचे आवाज येतात. मामा आत शिरतो, फळीच्या खालून बोट फिरवतो, ते उजेडात धरतो आणि आवाज काढतो. त्याचे आवाज तीन. 'हं' म्हणजे धूळ. 'अंहं' म्हणजे जुनं चिकट तेल. आणि 'शीऽऽ', जी पोटातून निघते आणि नाकात संपते, ती म्हणजे आत काहीतरी जिवंत आहे किंवा आत्ताच मेलंय. ही तिसरी मला अशी जमते की एकदा बेकरीच्या दारात मी ती काढली, तर बेकरीवाला पीठभरल्या हातांनी मागच्या दाराने पसार झाला.

आमच्याकडे जेवायला येताना मामा स्वतःचा चमचा आणतो, रुमालात गुंडाळून. आमचा ग्लास उलटा करून हुंगतो. आणि उठताना आमच्या सिंककडे बघून न चुकता म्हणतो, "खालची ती वाकडी नळी घर घेतल्यापासून कुणी उघडलेली नाही. मला इथपर्यंत येतंय."

असा हा माणूस एकदा जेवता जेवता म्हणाला, "गुरुवारपासून चर्चमध्ये शिकायला जाणार आहे. बाप्तिस्मा घेईन म्हणतो."

आईचा डाव हवेतच राहिला. "दादा, बावन्नाव्या वर्षी? कुणी बाई आहे का?"

"नाही."

"मग काय कमी पडलं तुला?"

मामा भिंतीकडे बघत म्हणाला, "तिथे कबुली देता येते. खोक्यात बसून सांगायचं. फादर पुढे कुणाला सांगत नाहीत."

आई हे ऐकायला थांबलीच नव्हती. "अरे, तिथे एका पेल्यातून सगळे पितात! एका! मिशीवाले, दातपडके, खोकणारे, सगळे!"

मामाचा चेहरा हिरवट झाला. पण तो "जाणार" म्हणाला. आईने मला डोळ्यांनी खुणावलं आणि मी त्याच्याबरोबर जायचं ठरलं. माझं काम म्हणजे तिथे काय काय चालतं ते घरी येऊन शब्दन्‌शब्द करून दाखवायचं.

पहिल्याच गुरुवारी दाराशी बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दिसलं. पाण्याच्या कडेने आतून एक हिरवी रेघ. मामाने वाकून वास घेतला आणि डोळे मिटले.

"यात तू डोकं घालणार?" मी म्हटलं. "मामा, लाव पैज. शक्यच नाही."

"हरलो तर?"

"महिनाभर आमच्या चमच्याने जेवायचं."

त्याच्या अंगावर शहारा आलेला मला स्पष्ट दिसला. "आणि तू हरलीस तर तुमच्या सिंकखालची नळी उघडायची. हातमोजे न घालता."

मी हात पुढे केला. त्याने तो आधी नीट बघितला, मग धरला.

वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत भरायचा. शिकणारा मामा एकटाच. शिकवणारे फादर म्हणजे गोल, दमट आणि कायम सर्दी झालेले. ते बिस्किट चहात बुडवायचे आणि बोलायला लागायचे. "एकच देव, साहेब, पण व्यक्ती तीन. पिता..." तेवढ्यात बिस्किट तुटून तळाला. मग दोन बोटं चहात, गाळ वर, गाळ तोंडात, "पुत्र..." बोटं चोखून झाली की "आणि पवित्र आत्मा," आणि तीच ओली बोटं मामाच्या वहीच्या पानावर. मामा पान उलटायचा तो कोपऱ्याच्या टोकाला धरून.

मामाच्या शेजारी त्याचा धर्मपिता. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या पाठीशी एक जुना श्रद्धावंत उभा राहावा लागतो, आणि मामाच्या वाट्याला आला होता तोच बेकरीवाला, ज्याची बेकरी मामाने नऊ दिवस बंद ठेवली होती.

"कुणी तयारच होईना, साहेब," तो मिशीतले पावाचे कण झटकत म्हणाला. ते मामाच्या बाहीवर पडले. "मी म्हटलं, मी होतो. तुम्ही माझी झुरळं मोजलीयत. आपल्यात आता लपवायला राहिलंय काय?"

तिसऱ्या आठवड्यात मामाने दारापाशी टांगलेल्या वाटीतलं पवित्र पाणी बाटलीत भरलं आणि प्रयोगशाळेत पाठवलं. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यात बोट बुडवून कपाळाला लावतो; उंदराची जन्मकथा तिथलीच. अहवाल आला. फादरनी तो शेवटपर्यंत वाचला. "अरे बापरे, इतके जण राहतात इथे?" असं म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मामासमोरच वाटी ब्रशने घासली. निघालेलं पाणी त्यांच्या चहाच्याच रंगाचं होतं. मामाने तिसरी काढली. फादर खूश होऊन म्हणाले, "दर सोमवारी घासत जाईन. तुम्ही आठवण करायची."

घरी मी हे सगळं करून दाखवायची, बोटं चोखण्यासकट, आणि आईला हसून हसून ठसका लागायचा.

बाप्तिस्मा ईस्टरला ठरला होता. ईस्टर महिन्यावर आला तेव्हा पापनिवेदनाचा गुरुवार उगवला. मामा नवी वही घेऊन आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. फादरनी सगळं समजावलं: पाप कसं आठवायचं, कसं सांगायचं, धर्मगुरू क्षमा कशी देतो. मामाने एक शब्दही लिहिला नाही. शेवटी त्याने विचारलं, "माझं कधी?"

"काय कधी?"

"कबुली. बाप्तिस्म्याच्या आधी की नंतर?"

"तुम्हाला नाही लागत!" फादर आनंदाने म्हणाले, जणू बक्षीसच देत होते. "बाप्तिस्म्याने आधीचं सगळं धुतलं जातं. कबुली असते ती त्यानंतर होणाऱ्या पापांची. तुम्ही मनापासून पश्चात्ताप करायचा, बस."

"म्हणजे न उघडता?"

"म्हणजे?"

"आत काय होतं ते न बघता, न लिहिता, पास?"

"देवाला माहीत असतंच की, साहेब."

"शीऽऽ," मामा म्हणाला. इतकी पोटातून आलेली मी कधी ऐकली नव्हती. तो उभा राहिला. "असंच पास केलं होतं मी. चार वर्षांपूर्वी. वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर होतं. थंड खोलीत मागच्या कोपऱ्यात निळं पिंप. वास मला दारातच आला. उघडलं असतं तर ओकलो असतो, आणि त्या दिवशी मला ओकायचं नव्हतं. झाकण न उघडता लिहिलं, 'ठीक'. चौथ्या दिवशी अकरा म्हाताऱ्या माणसांना जुलाब आणि उलट्या. दहाजण उठले. एक बाई उठल्या नाहीत. ऑफिस म्हणालं, नव्वदीच्या होत्या, आणि स्वयंपाकघर तर ठीक होतं, हा बघा अहवाल." त्याने कोरी वही मिटली. "पिंपात काय होतं ते मला अजून माहीत नाही."

बेकरीवाला चावायचा थांबला. फादरचं बिस्किट तुटून बुडालं. या वेळी ते कुणी काढलं नाही.

"त्यांच्या घरच्यांना हे माहीत आहे?" फादरनी विचारलं.

"नाही."

"ऑफिसला?"

"नाही."

"मग मला सांगून काय होणार होतं? मी तर कुणाला सांगू शकत नाही."

"म्हणूनच," मामा म्हणाला.

फादरनी नाक पुसलं. रुमालाकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "पाप पाण्याने धुतलं जाईल, साहेब. पण तुमचं ते 'ठीक' अजून फायलीत आहे. ते खोडायला फादर नाही लागत."

मामाने वही उचलली आणि निघून गेला. घरी आईने विचारलं, "काय झालं आज? कर की." मी म्हटलं, फादरना ताप होता, वर्ग नव्हता.

ईस्टर झाला, मामा चर्चमध्ये गेला नाही. आमच्याकडेही आला नाही. आई म्हणायची, "उतरलं वाटतं डोक्यातलं." मी मात्र आमच्यातला सगळ्यात डागाळलेला चमचा शोधून ठेवला होता.

तीन आठवड्यांनी मामा आला. जेवायला बसला आणि आईला सगळं सांगितलं. पिंप, वास, अकरा माणसं. मग पुढचं: त्याने स्वतःविरुद्ध अहवाल लिहून दिला, त्याच्या तपासण्या बंद झाल्या, आता तो तळघरातल्या गोदामात रिकाम्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. त्या बाईंच्या मुलीकडेही जाऊन आला.

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"म्हणाली, चार वर्षं मी स्वतःलाच विचारतेय, आईला तिथे ठेवलंच का. आणि तुम्ही आत्ता सांगताय. मग दार लावलं."

"मग?"

"मग काय. जिना उतरलो."

आईने त्याच्यापुढचं ताट मागे ओढलं. "शी, दादा," ती म्हणाली. हळूच. घराण्याचीच ती शी, पण ती मी अजून कुणापुढे काढलेली नाही. बराच वेळ ताट टेबलाच्या मध्येच राहिलं. मग तिने ते परत त्याच्याकडे सरकवलं आणि स्वतः जेवली नाही.

"रविवारी सकाळी बाप्तिस्मा आहे," मामा म्हणाला. "यायचं तर या."

आई आली. शेवटच्या बाकावर, पर्स पोटाशी धरून. मी कुंडाजवळची जागा पकडली. ती हिरवी रेघ होतीच, आणि पाण्यावर कुणाचा तरी एक लांब केस तरंगत होता. मी मनातल्या मनात आमचा चमचा मामाच्या तोंडात घातला.

फादर तळहातावर शिंकले, तो झग्याला पुसला आणि त्याच हातात तांब्या घेतला. "सैतानाला नाकारता का?"

"नाकारतो."

"त्याच्या सगळ्या कृत्यांना?"

इथे मामा थांबला. इतका की बेकरीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात दाबला. काळ्या कोटावर पिठाची पाच बोटं उमटली. "नाकारतो," मामा म्हणाला.

मग तो वाकला. नाकपुड्या फुगल्या, केस त्याला दिसला, रेघ दिसली. मी श्वास रोखून तिसरीची वाट बघत होते. त्याने डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी तळापर्यंत बघितलं आणि डोकं खाली घातलं. फादरनी एकदा, दोनदा, तीनदा पाणी ओतलं. नाकात गेलं, तोंडात गेलं, आणि मामाने ते गिळलं. नंतर कपाळावर विधीचं चिकट तेल आलं. 'अंहं' नाही. मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, द्राक्षारसाचा पेला फिरला तेव्हा त्याच्या आधी बेकरीवाला प्याला, मिशीसकट. मामा त्याच काठाने प्याला. काठ पुसला नाही. ओठ पुसले ते मी.

दुपारी मी आमच्या सिंकखाली पालथी पडले होते. मामा स्टुलावर, शेजारी बादली. वाकडी नळी सुटली आणि असा वास आला की आई दुसऱ्या खोलीतून ओरडली.

"हात घाल," मामा म्हणाला. "आणि काय निघतं ते सांगत जा. न सांगता बादलीत टाकायचं नाही."

"केस."

"पुढे."

"साबणाचा... लोणी झालंय त्याचं. मामा, मला ओकारी येतेय."

"ओक. मग पुढे."

मग एक काळं बटण, एक माशीचं अर्धं अंग, आणि आत, अगदी वळणात, एक मऊ, केसाळ, गार गोळा हाताला लागला. तो दाबला की हलायचा.

"हे काय आहे मला नाही माहीत," मी म्हटलं.

"मलाही नाही," मामा म्हणाला. "काढ बाहेर." आणि त्याने उघडा तळहात पुढे केला.