टेलरबाईंची साक्ष

टेलरबाईंच्या तोंडाला लागू नये, हे आमच्या इस्पितळात शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिथली नर्स. अत्याचार झालेल्या मुलींची तपासणी आमच्याच वॉर्डात व्हायची. अंगावरचे कपडे पुरावा म्हणून पोलीस नेत आणि पोरगी चादर गुंडाळून घरी जाई. येणारेजाणारे टकमक बघत, मेले.

गुडघा दाखवायला आलेल्या टेलरबाईंनी एकदा हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या लहानमोठ्या मापांचे कपडे शिवून हजर. "कोरे आहेत सिस्टर. कुणाची उतरलेली लक्तरं नाहीत."

मग त्यांचं येणं रोजचंच झालं. फौजदार व्हरांड्यात उभं राहून एका मुलीचा जबाब घ्यायला लागला, तर बाई मध्ये पडल्या. "साहेब, घरच्या लेकीला असं चारचौघांत विचाराल?" त्याचा पारा चढला, पण दार असलेली खोली मिळाली ती कायमची. तक्रार नको म्हणणाऱ्या आयांना त्या सुनावत, "अब्रू त्याची गेली, तुमच्या पोरीची नाही. तोंड त्यानं लपवावं."

एका दुपारी बाई कपडे घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. आत होती ती त्यांच्याच दुकानात शिवण शिकणारी मुलगी. तिनं नाव घेतलं होतं बाईंच्या भाच्याचं.

मुलीची आई वाट अडवून उभी राहिली. "तुमच्या भरवशावर पाठवली होती हो," एवढंच म्हणाली. बाईंनी कपडे माझ्या हातात दिले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

बाई विधवा, मूलबाळ नाही. भावाच्या घरात राहायच्या, पुढच्या खोलीत दुकान. भावजय बाळंतपणात गेली तेव्हापासून हा भाचा त्यांनीच वाढवलेला. तो आता म्हणत होता, त्या दिवशी मी गावातच नव्हतो. मुलीच्या शब्दाला दुसरा आधार नव्हता. तो घरी होता हे फक्त बाईंनाच माहीत होतं.

भाऊ हात जोडून म्हणाला, "ताई, खोटं बोल म्हणत नाही. नुसती गप्प बस. पोराचं आयुष्य आहे."

"इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आयांना मी काय सांगत आले रे?"

त्यानं त्यांचं मशीन रस्त्यावर आणून ठेवलं. मी हातगाडीवाला बोलावला आणि मशीनसकट बाईंना माझ्या घरी नेलं. भावाला मला चार शब्द सुनावायचे होते, पण बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

कोर्टात भाच्याच्या वकिलानं विचारलं, "भाच्याशी तुमचं वैर आहे?"

"वैर? त्याला चालायला मी शिकवलं."

"मग त्याच्याविरुद्ध का उभ्या आहात?"

"तो घरी होता म्हणून. मी त्याला जेवायला वाढलं. ही पोर पुढं काजं करत होती. दोघांना तिथं ठेवून मी दोरा आणायला गेले. मीच गेले."

"आत्या!" भाचा ओरडला. पडल्यावर लहान मूल हाक मारतं तसा. बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, आता ह्या फिरणार. त्यांनी डोळे उघडले आणि टंकलेखकाला म्हणाल्या, "लिहून घ्या. तो घरीच होता."

त्याला शिक्षा झाली. निकालानंतर भाऊ आमच्या शेजारून निघून गेला, बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. त्या जिन्यातच मटकन बसल्या. वाढवलेल्या पोराला तुरुंगात धाडून घरी कुठल्या तोंडानं जायचं, आणि मुळात घर उरलं होतं कुठं?

तेवढ्यात मुलीची आई समोर येऊन उभी राहिली. आता ही काय बोलतेय म्हणून मी बाईंच्या जवळ सरकले.

"बाई," ती म्हणाली, "पोरगी विचारतेय, तुम्ही आता राहता कुठं?"

बाईंच्या आधी मीच माझा पत्ता सांगितला.