फ्रीजने विचारलं, समाधानी आहात का?

रक्तपेढीतल्या फ्रीजला चार गोड शब्द शिकवावेत, ही कल्पना माझी. ती शेवटी माझ्याच बायकोच्या जिवाशी येईल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यालाही मी दोन गोड शब्द ऐकवले असते.

आमच्या हॉस्पिटलात पाट्या आणि सूचना लिहायचं काम माझ्याकडे आहे. 'शांतता राखा', 'चपला बाहेर काढा', 'येथे थुंकू नये' हे माझं आजवरचं प्रकाशित साहित्य. मोठ्या डॉक्टरांनी एका मिटिंगमध्ये सांगितलं, की प्रत्येक सेवेबद्दल अभिप्राय घ्यायला लागा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहाकडे बघितलं. माझी जीभ तेवढी वळवळली. म्हटलं, पेशंटचाच का, मशीनवर काम करणाऱ्या आपल्या माणसांनाही विचारू या की. मोठे डॉक्टर खूश झाले. आठवडाभरात कंपनीचा माणूस येऊन प्रत्येक मशीनच्या प्रोग्राममध्ये माझा प्रश्न बसवून गेला. 'आपण या सेवेबद्दल समाधानी आहात का? एक ते पाच.' त्याखाली शेरा. शेऱ्यात लोक 'ठीक' एवढंच लिहून पळ काढतात, म्हणून दोन ओळी भरल्याशिवाय सोडायचं नाही, हाही माझाच आग्रह.

ही गोष्ट जपूनताईंना कळवायचं काम माझ्याकडे होतं. सूचना लिहून तयार होती. फक्त 'कळविण्यात येते की' मला खटकत होतं, म्हणून जरा मुरायला ठेवली होती.

जपूनताई म्हणजे आमच्या हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरवाल्या ताई. नाव आम्ही पाठीमागे ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यात काही चूक आहे असं त्यांना वाटत नाही. जिना उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या 'जपून' म्हणतात, चढणाऱ्यालाही म्हणतात. लिफ्टमध्ये शिरण्याआधी वाकून खाली लिफ्ट आहे का बघतात. कुलूप लावलं की ओढतात, चार पावलं जातात, परत येऊन पुन्हा ओढतात. एकदा मी गमतीने म्हटलं, "ताई, एक दिवस ते कुलूपच तुम्हाला ओढून बघेल." त्या म्हणाल्या, "बघू दे. त्यालाही खात्री नको का?"

आधी त्या टेलिफोनवर होत्या. हॉस्पिटलात एक मोठा बोर्ड होता, त्यात वायरी खोचायच्या आणि इकडचा माणूस तिकडे जोडायचा. त्या कामाने त्यांना एक खोड लागली. समोरच्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय त्या उत्तर देत नाहीत. "ताई, जेवलात..." एवढं म्हणून तुम्ही थांबलात, तर त्या नुसत्या बघत राहतात. 'का' येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कोण जाणे, पुढे 'तर पैसे द्या' असायचं.

बोर्ड गेला, कॉम्प्युटर आले, ताईंना कॉम्प्युटरवर बसवलं. तिथे त्यांच्या वाट्याला रक्तपेढीतले फ्रीज आले. रोज दुपारी प्रत्येक फ्रीजची चाचणी असते. जुना प्रोग्राम दाराला कुलूप घालतो, थंडी थोडा वेळ बंद करतो आणि गरम होतंय म्हणून भोंगा वाजतो की नाही ते बघतो. मग एकेक प्रश्न विचारतो. भोंगा वाजला, गप्प करू? थंडी परत सुरू करू? हा फ्रीज बाद करायचा का? हो, हो, नाही. रोज कुणीतरी समोर बसून हेच दाबत राहायचं. एका दुपारी त्या कुणाचा तरी डोळा लागला आणि ताईंची झोप कायमची उडाली. त्यांनी स्वतः शिकून एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. ही स्क्रिप्ट जुन्या प्रोग्रामला चालू करते आणि माणसाच्या जागी बसून त्याच्या प्रश्नांना उत्तरं देते. त्यांच्या धंद्यात चालू करणाऱ्याला आई म्हणतात आणि जो चालू झाला त्याला पोर.

"पोर कसलं, वयाने आजोबा आहे तो," मी म्हटलं होतं.

"वयाचं नाही हो. कुणी जन्माला घातला त्याचं आहे."

हे पोर मोठं द्वाड. समोर खरा पडदा नाही, दुसरा प्रोग्राम आहे, असा वास आला, की ते प्रश्न तोंडातच धरून ठेवतं आणि तोबरा भरला की एकदम ओकतं. म्हणून समोर माणूस बसलाय, पडद्याकडे बघतोय, असं ताईंनी त्याला भासवलं होतं. कंपनीच्या माणसाने सोपी युक्ती सुचवली होती. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, मग एका दमात हो, हो, नाही पाठवून द्या. ताईंचा चेहरा उतरला होता. "आणि मध्येच त्याने वेगळं काही विचारलं तर?" तो हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांची स्क्रिप्ट आधी प्रश्न पुरता ऐकते, ओळखीचा असेल तरच उत्तर देते. अनोळखी प्रश्न आला तर गप्प बसते, ताईंच्या फोनवर निरोप पाठवते आणि त्या आल्या की कीबोर्ड त्यांच्या हातात देते.

आता त्या दुपारकडे येतो. त्याच सकाळी कंपनीचा माणूस रक्तपेढीत माझा प्रश्न बसवून गेला होता आणि दुपारची पहिली चाचणी तीन नंबरच्या फ्रीजची होती.

माझी बायको वरच्या मजल्यावर ॲडमिट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. तिचं रक्त दुर्मिळ गटाचं. लांबच्या गावाहून दोन पिशव्या मागवल्या होत्या आणि त्या खाली तीन नंबरच्या फ्रीजमध्ये होत्या. दुसऱ्या कुठून मिळायची आशा नव्हती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, पिशव्या आहेत म्हणून चाकू हातात घेतोय.

ताई तिला भेटायला आल्या. वॉर्डच्या दारावर माझी पाटी आहे, 'मोबाईल बंद ठेवावा'. त्या पाटीखाली उभं राहून लोक व्हिडिओ कॉल करतात. अख्ख्या इमारतीत माझी पाटी पाळणारं माणूस एकच. ताईंनी फोन बंद केला, तो बंद झाला का ते दोनदा बघितलं आणि आत आल्या.

"घाबरलीस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी नाही हो, हे घाबरलेत. ताई, उद्या यांना बाहेरच बसवा. आत आले तर डॉक्टरांच्या कपाळावर सूचना चिकटवतील."

"पिशव्या आल्या ना?"

"आल्या. तीन नंबरला आहेत म्हणे."

ताई जरा निवल्या. स्टूल पुढे ओढलं, ते डुगडुगतं का बघितलं आणि बसल्या. चांगल्या गप्पा झाल्या. मीही दोन विनोद केले, त्यातल्या एकाला बायको हसली. त्यातच बराच वेळ गेला.

बाहेर आल्यावर ताईंनी फोन चालू केला. तो थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. ताईंचा हात कठड्यावर घट्ट झाला.

"काय हो?"

"तीन नंबरला अनोळखी प्रश्न आलाय."

कसला प्रश्न, हे त्यांना माहीत नव्हतं. मला मात्र कळलं. जन्मात पहिल्यांदा ताई 'जपून' न म्हणता पायऱ्या उतरत होत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रक्तपेढीत सगळं शांत. शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ निवांतपणे नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. भोंगा वाजत राहिला असता तर तो धावला असता. पण भोंगा गप्प करून झाला होता आणि थंडी सुरू करायची राहिली होती. कंपनीच्या माणसाने माझा प्रश्न नेमका त्या दोहोंच्या मध्ये बसवला होता. पडद्यावर माझेच शब्द होते. 'आपण या सेवेबद्दल समाधानी आहात का?' पोर आईच्या उत्तराची वाट बघत होतं. आई ओळखीच्या प्रश्नाची वाट बघत होती. मध्ये माझ्या बायकोचं रक्त कोमट होत होतं. दारावरचा तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकलेला. मी दार ओढलं. कुलूप.

मी कॉम्प्युटरकडे झेपावलो. पडद्यावरची ती खिडकी बंद करायची, एवढंच डोक्यात. ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"हात लावू नका."

"अहो, बंद करून नव्याने चालू करू."

"आई मेली तर पोर पोरकं होईल. समोर कुणी नाही असं कळलं, की हे पुढच्या सगळ्या प्रश्नांना स्वतःच हो म्हणतं. थंडी सुरू होईल आणि लगेच फ्रीज बाद होईल. बाद झालेली पिशवी नियमाने कुणालाही देता येत नाही."

मी हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी तोंडावर ठेवला.

ताईंनी कीबोर्ड जवळ घेतला. स्क्रिप्ट बाजूला झाली. आता पोर आणि ताई समोरासमोर. "हा प्रश्न कुणी घातला?" त्यांनी पडद्याकडे बघतच विचारलं.

"मी."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. "उत्तरं काय ठेवलीत?"

"एक ते पाच. पाच दाबा. एक दाबलं तर कारण विचारतो, मग वरिष्ठांचं नाव विचारतो..."

ताईंनी पाच दाबलं. त्या बाईने उभ्या आयुष्यात एवढं खोटं उत्तर दिलं नसेल.

'आपला शेरा लिहा.'

"आता?"

"काहीही लिहा. 'ठीक' सोडून."

"तुम्ही सांगा. तुमचं काम आहे ते."

मला एक शब्द सुचेना. एरवी लिफ्ट बंद पडली तरी मला तीन पर्यायी मजकूर सुचतात. काटा रेघेला टेकायला आला होता आणि माझ्या डोक्यात फक्त 'चपला बाहेर काढा' फिरत होतं. ताईंनी 'जपून' असं टाइप केलं आणि दाबलं. 'कृपया थोडे सविस्तर लिहावे.' हेही वाक्य माझंच. 'लिहा' उद्धट वाटतं म्हणून मी 'लिहावे' करून घेतलं होतं.

मग ताई एकच शब्द टाइप करत सुटल्या. जपून जपून जपून जपून. पहिली ओळ भरली. दुसरी अर्धी झाली, तेव्हा त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. दुसरी भरली. त्यांनी बटण दाबलं.

'आभारी आहोत. थंडी परत सुरू करू?'

ताईंनी ते पुरतं वाचलं. एवढ्या घाईतही पुरतं वाचलं. हो. आत कुठेतरी घरघर सुरू झाली. 'हा फ्रीज बाद करायचा का?' पुन्हा पुरतं वाचलं. नाही. कुलूप खट्कन उघडलं आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो.

पण तिथे भीती संपली नाही. तंत्रज्ञ आला, नोंद तपासली, पिशव्या हातात घेऊन उजेडात धरल्या. मग उलटून पुन्हा धरल्या. मला त्याचे पाय धरावेसे वाटत होते, पण त्याने हातात पिशव्या धरल्या होत्या. ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. अखेर तो म्हणाला, "रेघ ओलांडलेली नाही. चालतील." आणि विचारलं, "रडताय कशाला?" मी ताईंकडे बघितलं. त्या रडत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यातली एक पिशवी पुरी लागली, दुसरीही निम्मी गेली. शुद्धीवर आल्यावर बायको पहिलं वाक्य बोलली, "आत काही चिकटवलं नाहीत ना?" ही गोष्ट मी तिला टाके निघाल्यावर सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाईंसमोर यापुढे विनोद करायचा नाही." ती शिक्षा अजून चालू आहे.

माझा प्रश्न सगळ्या मशीनमधून निघाला. मोठ्या डॉक्टरांसमोर मात्र रक्तपेढीचा अभिप्राय रीतसर पोचला होता. पाचपैकी पाच, आणि शेऱ्यात दोन ओळी जपून. ते म्हणाले, मनापासून लिहिलंय कुणीतरी. वॉर्डच्या दारावर आता 'मोबाईल आवाज न करता चालू ठेवावा' अशी पाटी आहे. ती मी न मुरवता, एका दमात लिहिली.

परवा ताई संध्याकाळी कुलूप ओढून निघाल्या, चार पावलं गेल्या आणि परत आल्या. मी तिथेच उभा होतो. बायकोची शिक्षा आठवून मी विनोद गिळला आणि कधीपासून मनात असलेलं सरळ विचारलं. "ताई, खरं सांगा, तुम्ही एवढ्या घाबरता कशाला?"

माझं वाक्य पुरं झालंय याची त्यांनी खात्री करून घेतली, कुलूप पुन्हा एकदा ओढलं आणि म्हणाल्या, "तुम्ही इथेच नोकरीला आहात म्हणून."