न मागितलेली परवानगी

माझ्या आठवणीतल्या मिस्सेला, आमच्या ख्रिस्ती उपासनेला, शिलाई मशीनच्या तेलाचा वास आहे. बाबा अकाली गेले, तेव्हा महाडच्या त्या एका खोलीत आईचे मशीन हेच आमचे शेत होते. इतरांच्या झंपरांवर आम्ही भावंडे वाढलो, पुष्कळदा नुसत्या पेजेवर. तरीही महिन्यातल्या एका रविवारी वीर रेल्वे स्थानकावर उतरून फादर रिक्षाने येत, आणि त्यासाठी आमचा स्टोव्ह, भांडी, तांदळाचा डबा असा सारा संसार शेजारच्या यमुनाकाकीच्या ओटीवर जाई. मशीनवर पांढरी चादर पडली की तीच वेदी. चर्च जवळ नव्हते. महाड-पोलादपुरातली आम्ही मोजकी ख्रिस्ती कुटुंबे त्या खोलीत सहज मावत असू.

घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी ताठ मानेने सांगते. गेल्या मार्गशीर्षात, सावित्रीवरचे धुके हलके होत असताना आणि खळ्यांवरच्या पेंढ्याचा उबदार गंध गल्लीपर्यंत येत असताना, आजही मिस्सा होणाऱ्या आमच्या त्या घरी सरकारी नोटीस आली : घरात सामूहिक प्रार्थना करायची तर आधी परवानगी घ्या, नाहीतर कारवाई होईल. नाताळ तोंडावर होता.

"अर्ज दे नि मोकळी हो," आई म्हणाली. गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे अर्ज मीच लिहिते. पण परवानगी मागितली, की ती नाकारण्याचा अधिकारही आपणच देऊन बसतो. आमच्या चवदार तळ्यावर माणसांनी ओंजळ भरली, ती काय अर्ज करून?

तांदूळ पाखडता पाखडता काकी म्हणाली, "माझ्याकडं सत्यनारायण झाला तवा कोण नाय आलं विचारायला. आता देवाचं पन आधार कार्ड काढतील गो!"

मी अर्ज नव्हे, उत्तर लिहिले : घरातल्या प्रार्थनेला कोणत्या कायद्याने परवानगी लागते, ते लेखी कळवावे. ते द्यायला सरकारी कचेरीत गेले, तेव्हा काकीही सोबत आली.

"बाई, साधा अर्ज तर आहे," तिथले साहेब म्हणाले.

"मग काकींच्या सत्यनारायणालाही लागेल ना, साहेब?"

"लागत असंल तर माझाबी घ्या लिवून," काकी खुर्ची ओढत म्हणाली, "पन मग परसाद हितंच वाटीन!"

साहेबांना हसू आवरेना. उत्तर मात्र त्यांनी दोनदा वाचले.

नाताळच्या आधी नोटीस मागे घेतल्याचे लेखी कळवण्यात आले. नाताळच्या सकाळी मिस्सेच्या वेळी कोवळे ऊन आत आले, आईचा आवाज स्तोत्रात नेहमीसारखाच थोडा बेसूर लागला, आणि मला वाटले, स्वातंत्र्य बहुधा असेच असते, इतके नेहमीचे, की ते आहे हे लक्षातही येऊ नये. आमच्या घरात प्रार्थना होते. कोणाला विचारावे लागत नाही.