जागेवरून हलवणारी

सिग्नल सुटला आणि दाजींची हायब्रिड गाडी आवाज न करता पुढे सरकली.

"इंजिन अजून बंदच आहे," दाजी म्हणाले. "जागेवरून हलवते ती मोटर. वेग आला की मग इंजिन. चढावर दोघं मिळून ओढतात."

माझी थोरली बहीण जाऊन महिना झाला होता. दाजींच्या शेजारची सीट ताईची; त्या सीटवर मी अंग चोरून बसले होते.

दाजींना चारचौघांत बोलायला सुरुवातच करता येत नाही. लग्नात घास भरवताना नाव घ्यायची वेळ आली आणि ते अडले, तेव्हा उखाण्याचा पहिला शब्द ताईनेच हळूच पुरवला. पुढे चाळीस वर्षं तेच. ती नुसतं "अहो, ते आपलं…" म्हणायची आणि दाजी तासभर रंगून बोलायचे. लोक त्यांचं कौतुक करायचे. ताईचे ते दोन शब्द कुणाच्या लक्षातही राहायचे नाहीत.

उतार लागला. दाजींनी ब्रेक दाबला, तशी समोरच्या स्क्रीनवरची बॅटरी भरू लागली.

"उतारावर चाकंच मोटरला फिरवतात," ते म्हणाले. "तिने दिलेलं थोडं तरी तिला परत मिळतं."

खालच्या सिग्नलला गाडी थांबली.

"हिला मात्र मी…" दाजी म्हणाले आणि अडले.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले. पुढचा शब्द मला माहीत होता, अगदी ओठांवर होता. मी तो पुरवला नाही. एवढं एक वाक्य तरी त्यांनी एकट्याने पूर्ण करायला हवं होतं.