हळकुंडाचा दोरा

हेमलताला झोप लागते असं काही म्हणता येणार नाही. डोळा लागतो, एवढंच. सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरचं बाकडं, भर दुपार, रिपोर्टला अजून वेळ. बाजीराव, तिचा नवरा, चहा आणायला गेलाय. तिचं मंगळसूत्र त्याच्या खिशात आहे, कारण मशीनमध्ये जाताना अंगावर धातू चालत नाही. गळा मोकळा नको म्हणून सकाळी निघतानाच तिनं पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून घेतलंय. दम लागतो तशी ती भिंतीला टेकते. भिंत उबदार लागते. बघते तर चुलीमागची भिंत, अक्काच्या सासरची, आणि चुलीपुढं अक्का बसलेली.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. जाऊन काही वर्षं झाली. दम्याची औषधं घेता घेता गेली बिचारी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

"आलीस व्हय? बस," अक्का म्हणते. बोलताना तिला धाप लागत नाही. हेमलताला त्याचंच रडू येतं.

"अक्का, तुझ्यासारखाच दम लागतोय गं मला. नाकावर पुळ्याही तशाच. नवा डॉक्टर म्हणतोय, हा दमा नसेल. फुप्फुसात हवेचे फोड होतात म्हणे, लाखात एखादीला. नाकावरच्या पुळ्या ही त्याचीच खूण, आणि ते रक्तातून पुढं उतरतं. साध्या एक्स-रेत नाही कळत, सीटीत दिसतात."

"मला बी सांगितलं हुतं की सीटी करा म्हणून. गेलो. मंगळसूत्र काढा म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, नवरा जिता असताना गळा मोकळा? काय बी नको. आलो माघारी." अक्का हसते. "अहेव गेलो बघ. बायकांनी ओटी भरली. मंगळसूत्र गळ्यात तसंच, चितेवर बी. भाग्याची म्हणाल्या."

भाग्याची! हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात जाते. गुदमरून गुदमरून मेली ती, आणि म्हणे भाग्याची.

अक्का तिच्या गळ्याकडं बघत राहते. "ह्ये काय बांधलंयस?"

"हळकुंड. मंगळसूत्र सोनाराकडं ओवायला दिलं की बांधतो ना, तसं."

"तेवढ्यावर चालतंय व्हय?"

"चालतं की."

अक्का चुलीशेजारचा डबा ओढून उघडते. आत हळकुंडंच हळकुंडं. "घरात हुतं की गं," ती हळूच म्हणते. "मग त्या दिशी एकीच्या बी डोक्यात कसं आलं न्हाई?"

काखेत कळसा नि गावाला वळसा. पण हे मेलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? 

"सीटी करून बरी हुशील का तू?"

"नाही. गोळ्यांनी जरा धीमं होतं म्हणे, झालं तर."

"मग बघायचं कशाला?"

"माझ्या लेकीच्या, केतकीच्या नाकावरही पुळ्या आल्यात, अक्का."

अक्का उठते. हेमलताच्या मानेमागची गाठ सोडते. "दे हिकडं. मला बी बघू दे, आत काय हुतं त्ये."

चुलीचं तोंड मोठं होतं, गोल होतं, पांढरं होतं. अक्का आडवी होते आणि आत सरकते. मशीन बोलतं: "श्वास घ्या. रोखून धरा." हेमलताही धरते. आता 'सोडा' म्हणायला हवं. कुणी म्हणत नाही. छाती फुटायला येते, तरी कुणी म्हणत नाही.

"हेमा! अगं ए हेमा!"

ती हवेसाठी तोंड वासते. बाजीराव तिचे खांदे हलवतोय. चहा बाकड्यावर निवून गेलाय. "डॉक्टरांनी मला आत बोलावलं होतं," तो खाली बघत म्हणतो. "दमा नाही. दोन्हीकडं फोड आहेत, भरपूर. केतकीचंही तपासून घ्या म्हणाले."

तो खिशातून मंगळसूत्र काढतो. गळ्यात घालायला जातो आणि थांबतो.

"हळकुंड कुठाय?"

हेमलता मान चाचपते. बोटांना हळद लागते, दोरा लागत नाही.

"अक्काला दिलं," ती म्हणते, आणि आवळलेली मूठ उघडते. तळहातावर एक काळा मणी आहे, आगीत तडकलेला, अजून गरम.